चित्रपेटी कोणाच्या घरीं ठेवावी?

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पंचगंगेचें पाणी आमच्या शाहूपुरींतील घराच्या जोत्यावर चढलें, तेव्हां घरांतून प्रथम काय बाहेर काढावें याचा विचार करीत कोणी बसलें नाहीं. देव्हाऱ्यांतील टाक निघाले, दागिन्यांचा डबा निघाला, घराचीं कागदपत्रें, रेशन कार्ड, आक्कांचीं औषधें आणि मांजर निघालें. राहिली ती फडताळाखालची पत्र्याची पेटी. तींत आमच्या घराण्यांतील चार पिढ्यांचे फोटो होते. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलों तों पेटी जागच्या जागीं होती. पण उघडून पाहिली तर आंत फोटो असे नव्हतेच, चिकटून एकजीव झालेली करड्या रंगाची एक वीट होती.

राजाराम बंधाऱ्यापाशीं नदी ३९ फुटांवर आली म्हणजे इशारा आणि ४३ फुटांवर आली म्हणजे धोका, हें गणित कोल्हापुरांत शाळकरी पोरांसही पाठ असतें. त्या वर्षीं ती ५५ फुटांच्याही वर गेली. आतां, आमचे आजोबा मोठे दूरदर्शी गृहस्थ. पेटीस कधीं दगाफटका होईल म्हणून त्यांनीं निवडक फोटोंच्या दुसऱ्या प्रती काढवून सांगलीस आपल्या बहिणीच्या घरीं ठेवविल्या होत्या. परंतु पंचगंगा नरसोबाच्या वाडीपाशीं कृष्णेस मिळते, आणि त्याच आठवड्यांत कृष्णा सांगलीच्या पेठांतून वाहत होती. सांगलीची प्रत कोल्हापूरच्या प्रतीबरोबरच गेली. एका खोऱ्यांतील दोन घरें हीं पुराच्या हिशेबीं एकच घर होत, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

आमच्या हातून त्या वेळीं आणखी एक चूक झाली, ती सांगून ठेवतों. ती वीट आम्हीं गच्चीवर उन्हांत ठेवली आणि सुकल्यावर फोटो सुटे करूं लागलों. तसे सुकलेले फोटो सुटत नाहींत. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो. ते ओले आहेत तोंपर्यंतच स्वच्छ गार पाण्याच्या परातींत ठेवून हलक्या हातानें अलग करावयाचे आणि चित्राची बाजू वर करून सावलींत वाळवावयाचे असतात. हें ज्ञान आम्हांस मागाहून झालें. २०२१ च्या जुलैंत पुन्हा पूर आला तेव्हां त्याचा उपयोग शेजाऱ्यांस झाला. आमच्यापाशीं वाळवावयास कांहीं उरलें नव्हतें.

अगदींच कांहीं उरलें नव्हतें असें मात्र नाहीं. २०१४ सालीं एका मुंजीच्या निमित्तानें माझा पुण्याचा पुतण्या घरीं आला असतां त्यानें ही पेटी उघडून एकेका फोटोवर मोबाइल धरून त्यांचीं चित्रें घेण्यास आरंभ केला होता. एकेचाळीस फोटो झाले, तेवढ्यांत पंगत बसली आणि आम्हीं त्यास हात धरून उठविलें. आज तीं एकेचाळीस चित्रें एवढाच आमच्या घराण्याचा चित्ररूप इतिहास होय. पंगत अर्धा घटका उशिरां बसली असती तर काय बिघडलें असतें, असें आक्का अजून म्हणतात.

या शहरास असल्या हानीची संवय आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये. बाबूराव पेंटरांनीं येथें स्वतः कॅमेरा घडविला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. प्रभात कंपनीचा जन्म १९२९ सालचा, तोही येथलाच. परंतु बाबूरावांच्या त्या मूकपटांपैकीं फारच थोडें आज पाहावयास मिळतें, आणि १९४८ च्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही पेटला. चित्रें काढण्याची हौस आमच्या रक्तांत आहे. तीं जपण्याची कला आम्हीं तितक्याच हौसेनें शिकलों असें कांहीं म्हणवत नाहीं.

पुराच्या वर्षींच्या दिवाळींत आमच्या कुटुंबाची सभा भरली. कुटुंब आतां कोल्हापूर, पुणें, बेळगांव आणि अमेरिकेंत न्यू जर्सी अशा चार ठिकाणीं पांगलें आहे, म्हणून सभाही मोबाइलच्या पडद्यावरच. पुतण्यानें सुचविलें कीं, तीं एकेचाळीस चित्रें, शिवाय प्रत्येकाच्या फोनमध्यें साठलेलीं लग्नाकार्यांचीं हजारों चित्रें, सर्वांनीं मिळून इंटरनेटवर एका सामायिक आल्बमांत ठेवावीं. म्हणजे कोणत्याही गांवच्या माणसास तीं पाहतां येतील आणि स्वतःकडील चित्रें त्यांत घालतां येतील. आक्का माझ्या आत्याबाई, वय वर्षें चौऱ्याऐंशीं. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “म्हंजे आपली पेटी परक्याच्या घरात न्हेऊन ठेवायची. बरं, त्येनं घर बंद केलं तर? आणि किल्ली कुणापाशी?”

श्रोतेहो, या विषयावर पुढें मीं बरेंच वाचलें, जाणकारांस विचारलें, स्वतः दोन-तीन प्रकार वापरूनही पाहिले. पण आक्कांच्या या दोन प्रश्नांपलीकडे विचारण्याजोगें फारसें कांहीं आढळलें नाहीं. जाहिरातींत सांगितलें जातें तें निराळेंच असतें. किती जागा फुकट, चित्रांवर कोणते रंग चढवितां येतात, संगीत कसें लावतां येतें, याच गोष्टी तेथें पुढें केलेल्या असतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सभेंत वहिनी म्हणाल्या, “आपला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहेच कीं, निराळा आल्बम हवा कशाला?” हा प्रश्न घरोघर निघत असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र वाटेंत आकसतें. जसेंच्या तसें पाठवावयाचें तर तें ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें लागतें, आणि तेवढी दगदग लग्नघरांत कोणी करीत नाहीं. शिवाय शुभप्रभातीच्या फुलांखालीं आणि वाढदिवसाच्या केकांखालीं मागील वर्षाचें बारसें कोठें गडप झालें हें शोधून काढणें ब्रह्मदेवासही साधणार नाहीं. तो ग्रुप म्हणजे घराची ओसरी. ओसरीवर गप्पा माराव्या. दस्तऐवज ओसरीवर ठेवूं नयेत.

आतां कोणता आल्बम घ्यावा, तर याचें पहिलें उत्तर घरांतील माणसांच्या हातांत कोणते फोन आहेत यावर आहे. आमच्या न्यू जर्सीच्या मंडळीपाशीं अ‍ॅपलचे फोन, म्हणून त्यांनीं अ‍ॅपलच्या सामायिक आल्बमाची शिफारस केली. ती सोय चांगली आहे. शंभर माणसांपर्यंत आमंत्रण देतां येतें, एका आल्बमांत पांच हजार चित्रें मावतात आणि तीं कोणाच्या जागेंतून वजा होत नाहींत. परंतु या आल्बमांत घातलेल्या चित्राची लांब बाजू २०४८ ठिपक्यांपर्यंत आटवली जाते. पडद्यावर पाहण्यास तेवढें पुरतें. छापावयाचें म्हटलें तर इंचास तीनशें ठिपके या हिशेबानें सात इंचांच्याही किंचित आंतच चित्र थांबतें. आजोबांची तसबीर मोठी करून दिवाणखान्यांत लावावयाची असेल तर हा आल्बम कामाचा नाहीं. आणि ज्यांच्याकडे अ‍ॅपलचा फोन नाहीं, त्यांस दुवा दिल्यास चित्रें दुरून पाहतां येतात, स्वतःचीं घालतां येत नाहींत. २०२२ पासून अ‍ॅपलनें कुटुंबासाठीं अखंड चित्रांचा सामायिक संग्रह सुरू केला आहे, तो मात्र सहा माणसांपुरताच. आमच्या एका बेळगांवच्या शाखेंतच नऊ माणसें आहेत.

कोल्हापूर-बेळगांवकडे बहुतेकांपाशीं अँड्रॉइड फोन, म्हणून शेवटीं गूगल फोटोजकडे कौल गेला. त्याचा दुवा कोणत्याही फोनवर उघडतो. गूगलचें खातें असलेल्या प्रत्येकास, आल्बमाच्या धन्यानें मुभा दिली असल्यास, त्यांत भर घालतां येते. फुकट जागा १५ जीबी, पण तींत पत्रव्यवहारही मोजला जातो. एक चित्र सुमारें ३ एमबीचें धरलें तर सारी जागा चित्रांसच दिली तरी पांच हजारांच्या आसपास मावतील. एका लग्नाचे चलच्चित्र घातले कीं हा हिशेब कोसळतो. चित्रें चढवितांना मूळ गुणवत्तेनें ठेवावीं कीं आटवून, हेंही तेथें विचारलेलें असतें. जुन्या फोटोंच्या बाबतींत मूळ गुणवत्तेचाच आग्रह धरावा, कारण त्यांची दुसरी प्रत आतां निघावयाची नाहीं.

येथवर सारें सोपें होतें. पुढें आमच्याकडे जें झालें त्यानें मात्र माझी समजूतच बदलली. आल्बम कोणाच्या खात्यावर उघडावयाचा असा प्रश्न निघाला तेव्हां आमचे थोरले बंधु म्हणाले, “मी वडील, तेव्हां माझ्या नांवानें.” त्यांचा मान सर्वांनीं राखला. तीन महिन्यांनीं ते आपल्या खात्याचा पासवर्ड विसरले, आणि नव्या फोनच्या गडबडींत जुना नंबरही त्यांनीं सोडून दिलेला होता. आल्बम आम्हां सर्वांस दिसत होता, पण कोणास आंत घ्यावें अथवा कोणास वगळावें, हें ठरविणारा धनी दाराबाहेर उभा होता! महत्प्रयासानें तें खातें परत मिळालें.

सामायिक आल्बम हा शब्द फसवा आहे, हें आम्हांस तेव्हां कळलें. एकत्र कुटुंबाची जमीन सर्वांची म्हणावी आणि सातबाऱ्यावर नांव एकट्याचेंच असावें, त्यांतली ही गत. आल्बमाच्या धन्यानें तो पुसून टाकला तर तो सर्वांच्या दृष्टीआड होतो. गूगलचा असो वा अ‍ॅपलचा, नियम हाच. एवढेंच नव्हे, गूगल फोटोजमध्यें ज्यानें चित्र घातलें त्यानें स्वतःच्या फोनमधील जागा मोकळी करण्याच्या भरांत तें आपल्या संग्रहांतून काढून टाकलें, तर सामायिक आल्बमांतूनही तें जातें. ज्यांनीं तें आपल्या खात्यांत निराळें जतन करून घेतलें असेल त्यांच्यापाशींच तें उरतें. तेव्हां आल्बमांत चित्र दिसतें म्हणजे तें आपलें झालें, असें कोणीं समजूं नये.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत तर याहून वाईट झालें. मुलानें वडिलांच्या साठीशांतीचा सारा आल्बम आपल्या कचेरीनें दिलेल्या खात्यावर केला, कारण तेथें जागा मुबलक होती. नोकरी सुटली, खातें बंद झालें, आणि पुढील वर्षीं वडीलही गेले. त्या समारंभाचीं पाहुण्यांच्या फोनमध्यें कोठें कोठें राहिलेलीं वीस-पंचवीस चित्रें त्या माउलीनें घरोघर मागून जमविलीं. कचेरीचें अथवा महाविद्यालयाचें खातें हें भाड्याचें घर होय; त्याच्या माळ्यावर आपली पेटी ठेवूं नये.

मग धनी कोणास करावें? वडिलकीचा येथें कांहीं संबंध नाहीं. घरांत जें माणूस नेमानें विजेचें बिल भरतें, ज्यास प्रत्येकाच्या वाढदिवसाची तारीख ठाऊक असते, त्याच्या हातीं हें काम द्यावें. आमच्याकडे तें पुण्याच्या सूनबाईंकडे गेलें आणि तेव्हांपासून सुरळीत चाललें आहे. तिच्या पश्चात् काय, असा प्रश्न विचारणें आपल्या समाजांत अभद्र मानतात. पण मृत्युपत्र करतांना जो विवेक आपण दाखवितों तोच येथें दाखवावयास हवा. गूगलच्या खात्यांत तशी सोय आहे. ठराविक महिने खातें निष्क्रिय राहिल्यास त्यांतील संग्रह कोणास द्यावा, त्या माणसाचें नांव अगोदर नोंदवितां येतें. अ‍ॅपलनेंही २०२१ च्या अखेरीस वारस नेमण्याची व्यवस्था केली आहे. असें नांव न नोंदवितां खातें तसेंच पडून राहिलें, तर दोन वर्षांच्या निष्क्रियतेनंतर तें आंतील चित्रांसह काढून टाकण्याचा अधिकार गूगलनें २०२३ पासून आपल्याकडे राखून ठेवला आहे. ज्यांच्या दिवंगत आईवडिलांचीं खातीं अद्याप शाबूत असतील, त्यांनीं आजच घरीं जाऊन याचा विचार करावा.

आक्कांचा दुसरा प्रश्न, ‘त्यानें घर बंद केलें तर?’ हाही भाबडा नव्हता. आमच्या तरुण मंडळींनीं ज्या ऑर्कुटवर आपले कॉलेजांतील दिवस ठेवले, तें २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद झालें. पिकासाचे वेब आल्बम २०१६ सालीं मिटले, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलांत. फ्लिकरनें त्याच वर्षीं फुकट खात्यांस एक हजार चित्रांची मर्यादा घातली. गूगल फोटोजनेंही आटवलेलीं चित्रें अमर्याद ठेवण्याची फुकट सवलत १ जून २०२१ पासून काढून घेतली. यांत कोणी लबाडी केली असें मी म्हणत नाहीं. बहुतेकांनीं आगाऊ सूचना दिल्या, चित्रें परत नेण्यास अवधि दिला. पण सूचना वाचतो कोण? म्हणून आल्बम निवडतांना आंत चित्र घालणें किती सोपें आहे, यापेक्षां सगळीं चित्रें एकदम बाहेर काढतां येतात कीं नाहीं, हें पाहावें. गूगलमध्यें त्यासाठीं ‘टेकआउट’ नांवाची सोय आहे. आमच्या सूनबाई दर दिवाळीस त्या मार्गानें सारा संग्रह उतरवून घेतात आणि एका हार्ड डिस्कवर ठेवतात. ती डिस्क पुण्यास असते, दुसरी न्यू जर्सीस. शाहूपुरींत मुद्दाम ठेवलेली नाहीं.

आतां एका नाजूक बाबीकडे येतों. पेटी घरांत होती तोंवर ती उघडणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर असे. आल्बमाचा दुवा ज्याच्या हातीं पडेल त्यास आल्बम दिसतो, मग तो दुवा त्यास कोणीं दिला हें आपणांस कळत नाहीं. लग्नाच्या आल्बमाचा दुवा अशाच रीतीनें वरपक्षाच्या ओळखीच्यांच्या ओळखीच्यांपर्यंत पोंचल्याचें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून कुटुंबाच्या आल्बमास खुला दुवा ठेवूं नये. नांवानिशीं आमंत्रण द्यावें. मोबाइलनें काढलेल्या चित्रांत तें कोठें काढलें ती जागाही बहुधा नोंदलेली असते. लहान मुलांचीं चित्रें देतांना ती नोंद लपवावी, तशी सोय असते. आणि ज्याचें चित्र आहे त्यास तें नको असेल तर काढून टाकावें, मग चित्र कितीही सुंदर असो. आमच्या घरीं हा नियम प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलीनें मागितला. आम्ही वडीलधारे हंसलों. पण आक्का म्हणाल्या, “माझा लग्नातला रडका फोटो साठ वर्सं भिंतीवर लावलासा, मला कोण इचारलं?” तो ठराव एकमतानें मंजूर झाला.

हें सारें कुटुंबाविषयीं झालें. तालीम मंडळाचा गणेशोत्सव, शाळेच्या तुकडीचें स्नेहसंमेलन, पन्हाळा ते पावनखिंड पायीं जाणाऱ्यांची टोळी, यांचे आल्बम निराळ्या मापानें मोजावे. तेथें माणसें येतात-जातात, एकमेकांची ओळखही बेताचीच असते. त्यांच्यासाठीं खुला दुवा, हलका आल्बम आणि ठरलेली मुदत पुरे. महिन्याभरांत ज्यानें त्यानें आपलीं चित्रें उतरवून घ्यावीं आणि मग आल्बम मिटवावा. मंडळाचा आल्बम वर्षानुवर्षें उघडा राहिला म्हणजे त्यांत कोण शिरतो याकडे कोणाचेंच लक्ष राहत नाहीं.

शेवटीं नांवांविषयीं. सोयी कितीही असोत, चित्रांतील माणूस कोण, हें कोणींतरी सांगितल्यावांचून कळत नाहीं. यंत्र चेहरे ओळखून एकत्र लावतें हें खरें. आमच्या आल्बमांत त्यानें आक्का आणि त्यांच्या आई या दोघींस एकच स्त्री ठरविलें, आणि आक्कांना त्यांत विलक्षण आनंद झाला. पण नांव घालावें लागतें तें माणसानेंच. तेंही चित्राबरोबर बाहेर येतें कीं नाहीं हें तपासावें. टेकआउटमधून उतरविलेल्या संग्रहांत चित्राखालीं लिहिलेला मजकूर निराळ्या लहान फाइलींत येतो आणि चित्र हलविलें कीं त्याची ताटातूट होते. म्हणून सूनबाईंनीं एक साधी शंभर पानी वही केली आहे. चित्राचा क्रमांक, माणसांचीं नांवें डावीकडून उजवीकडे, गांव, आणि माहिती कोणीं दिली, अशा नोंदी तींत आहेत. रविवारीं संध्याकाळीं त्या पुण्याहून फोन लावतात, आक्का चष्मा पुसून पडद्यावरचें चित्र पाहतात आणि सांगूं लागतात.

एकेचाळिसांपैकीं अडतीस चित्रें झालीं आहेत. एकोणचाळिसाव्यांत रंकाळ्याच्या कांठीं आजोबा छत्री घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीं नऊ-दहा वर्षांचा, अंगापेक्षां मोठा कोट घातलेला एक मुलगा आहे. आक्कांनीं तें चित्र तीन रविवार पाहिलें. बेळगांवच्यांनीं एक नांव सुचविलें, न्यू जर्सीहून दुसरें आलें. दोन्ही आक्कांनीं नाकारलीं. वहीमध्यें त्या मुलाच्या जागीं सध्यां पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह घातलेलें आहे.